शोभाताई नाही आल्या का?

संत्री निघायला लागली की सौंसरच्या रस्त्यांना वास येतो. बसस्टँडच्या पुढे मोकळ्या जागेत ढीग लागतात, बायका उकिडव्या बसून फळं निवडतात, दबलेलं एखादं फळ फुटतं आणि त्याच्या सालीचं तेल येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांत चुरचुरतं. सकाळी थंडी असते. दुपारी ऊन असं पडतं की स्वेटर काढून हातात धरावा लागतो. लोकांना हे दिवस आवडतात. मलाही आवडायचे. पण आता हा वास नाकात गेला की मला दारं आठवतात. निळी, हिरवी, जाळीची, अर्धीच उघडलेली आणि मागे पदर सावरत उभी असलेली बाई. दोन वर्षांपूर्वीच्या संत्र्याच्या हंगामात मी अशा चाळीसेक दारांत उभी राहिले, आणि बहुतेक दारांत मला पहिला प्रश्न एकच विचारला गेला. शोभाताई नाही आल्या का?

शोभा आणि मी मिळून नऊ वर्षं लेडीज टेलरचं दुकान चालवलं. एक खोली, तिच्या मधोमध फुलाफुलांचा पडदा. पडद्याच्या पुढे शोभा बसायची, आरसा, स्टूल आणि मापाची वही घेऊन. पडद्यामागे मी, कटिंगचं टेबल, दोन शिलाई मशीन आणि एक इंटरलॉकचं मशीन. माप ती घ्यायची, कापड मी कापायची. काज-बटण, हुक, तुरपाई दोघी मिळून. पैसा निम्मा-निम्मा. हे सगळं कसं ठरलं ते आता आठवत नाही. बहुतेक ठरलंच नाही, आपोआप झालं. तिला बोलायला आवडायचं, मला कात्री आवडायची.

पडद्यामागून मला सगळं ऐकू यायचं. माप देताना बाया बोलतात. हात वर करून उभ्या राहिल्या, अंगाभोवती टेप फिरला, की कोण जाणे काय होतं, त्यांच्या तोंडून घरच्या गोष्टी निघतात. सासूचं, नणंदेचं, दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं, नवऱ्याच्या खोकल्याचं. शोभा फारसं काही म्हणायची नाही. 'हं' म्हणायची. मधेच 'कंबर दीड इंच उतरली तुमची, जेवून नाही राहिल्या का?' असं विचारायची आणि ती बाई रडायला लागायची. मी पडद्यामागे कापडावर खडूने रेघा मारत असायची. माझ्यापर्यंत त्या बाईचे फक्त आकडे पोचायचे. छाती चौतीस, खांदा साडेतेरा, बाही सहा. बाजारात एखादी समोरून आली तर तिचा चेहरा मला ओळखू यायचा नाही, पण तिची पाठ बघितली की कळायचं, ही आपली साडेतेरा.

गावात नाव झालं ते शोभाचं. 'शोभाताईनं शिवला' म्हणायच्या. ब्लाउज पाठीवर एक सुरकुती न पडता बसायचा तो माझ्या कटिंगमुळे, हे शोभाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणखी कुणाला नव्हतं. ती सांगायची सुद्धा, 'कटिंग रेखाची हाय.' बाया पडद्याकडे बघून हसायच्या आणि पुन्हा तिच्याकडे वळायच्या. तेव्हापासून माझ्या छातीत काहीतरी बारीक टोचत होतं. टाचणी अस्तरात राहून जावी तसं. काम करताना जाणवत नाही, वाकलं की टोचतं.

शोभा काही देवी नव्हती. खोटं सहज बोलायची. 'उद्या मिळते' म्हणून सांगायची तेव्हा कापड गठ्ठ्यातून निघालेलंही नसायचं, आणि मग माझ्या जेवणाची वेळ जायची. उधारी तर अशी द्यायची की जणू दुकान तिच्या माहेरचं आहे. मी कुरकुरायची. ती म्हणायची, देतील ना, कुठं चालले लोक. आमच्याकडे सगळे वायदे संत्र्यावर असतात. ज्याची बाग आहे तो तर म्हणतोच, पण किराणावाला म्हणतो, शाळेतली बाई म्हणते, पानठेल्यावाला म्हणतो, संत्रा निघू द्या. उधारीच्या वहीत नावं वाढत जायची.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी शोभाच्या दिराने पांढुर्ण्याला घर बांधलं आणि खालची पुढची खोली तिला दुकानासाठी देऊ केली. नवरा आधीपासून तिथेच कापडाच्या धंद्यात होता, आठवड्याला घरी यायचा. जाणं बरोबरच होतं. तिने मला दुपारी डबा खाता खाता सांगितलं आणि म्हटलं, 'तूही चाल. रोजची बस हाय.' मी म्हटलं, माझं घर इथं, यांची नोकरी इथं, मी कुठे येऊ. ती बरं म्हणाली. डब्याचं झाकण लावलं. आठवडाभरात वाटणी झाली. एक शिलाई मशीन तिला, एक मला. इंटरलॉक तिने नेलं. दुकानाची जागा आणि उधारीची वही माझ्याकडे राहिली. 'तू इथंच हायस, तुले वसूल करता येईन,' ती म्हणाली. टेम्पोत सामान चढवून झाल्यावर तिने पडदा काढून घडी घातली आणि विचारलं, हा ठेवू का नेऊ? मी ने म्हटलं.

टेम्पो गेल्यावर मी वही उघडली आणि बेरीज केली. मशीन तिने नेलं आणि मला कागद दिला, एवढंच त्या दिवशी माझ्या डोक्यात होतं. इंटरलॉकशिवाय दुकान चालत नाही. आत कडांचे धागे सुटे राहिलेला ब्लाउज आजकाल कुणी घेत नाही. नवीन मशीन घ्यायचं तर वहीतला पैसा हातात यायला हवा होता. नाही आला तर दुकान बंद करून घरी मशीन टाकून फॉल-पिको करत बसायचं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेव्हा मी निघाले. दुपारी दोन ते चार, घरातली पुरुषमाणसं बाहेर असतात आणि बाया मोकळ्या असतात, त्या वेळात. स्कूटीच्या डिक्कीत वही. उन्हात अंगणात वाळत घातलेल्या पापडांच्या, तुरीच्या शेंगांच्या, निवडायला ठेवलेल्या कापसाच्या मधून वाट काढत मी दारापर्यंत जायची. बाई बाहेर यायची, माझ्याकडे बघायची, मग माझ्या मागे बघायची.

गावातल्या एका किराणावाल्याच्या बायकोने मला आत बोलावलं, चहा केला, आणि तो पूर्ण होईपर्यंत शोभाबद्दलच विचारत राहिली. घर कसं आहे, सासू नीट वागते का, गुडघा दुखायचा तो थांबला का. शोभाचा गुडघा दुखतो हे मला माहीत नव्हतं. नऊ वर्षं मी तिच्यापासून सहा फुटांवर बसले होते. त्या बाईने पैसे दिले, पूर्ण दिले, आणि दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, 'तुम्ही त्यायच्या इथं कामाले होत्या न?' मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा नाही म्हटलं असतं तर आवाज चढला असता.

जामसांवलीला मंदिराच्या वाटेवर नारळ-फुलांचं दुकान लावणारी एक बाई होती. शनिवार होता, गर्दी होती, तिला मान वर करायला सवड नव्हती. तरी मला बघून तिने गल्ल्यातून दहा-दहाच्या नोटा काढल्या, रबर लावून माझ्या हातात ठेवल्या. वर एक नारळ दिला. म्हणाली, हा शोभाताईला द्या, तिच्या नावाने फोडीन असं देवाला बोलले होते, पण आता ती स्वतःच घरी फोडेल. मी तो नारळ पिशवीत टाकला. घरी येऊन फोडला आणि त्याच्या वड्या केल्या. यांनी विचारलं, नारळ कुठला, तर प्रसादाचा म्हणून सांगितलं. वड्या चांगल्या झाल्या होत्या. मी चार खाल्ल्या.

लोक पैसे देत होते, हे मला सांगायला हवं. उधारी म्हटलं की लोक नजर चुकवणाऱ्यांच्या गोष्टी ऐकायला तयार होऊन बसतात. तसं फारसं झालं नाही. संत्री विकली गेली होती, लग्नं जवळ आली होती, बायांना पुढचे ब्लाउज शिवायचे होते. पण ते पैसे माझ्या हातात पडत होते आणि दिले जात होते शोभाला. 'त्यायचा हिशेब राहू नये बाप्पा,' असं एकजण म्हणाली. 'त्यायनं माझ्या पोरीचा ब्लाउज साखरपुड्याच्या सकाळी आणून देल्ला होता.' तो आदल्या दिवशी मी कापला होता, अंगात ताप असताना.

मग माझ्या तोंडातून हळूहळू काही काही निघायला लागलं. कुणी शोभाची आठवण काढली की मी म्हणायची, आता तिला पांढुर्ण्यात मोठी गिऱ्हाइकं भेटली, आता कशाला ती सौंसरला येते. एवढंच. दुसऱ्या घरी आणखी थोडं. जाताना इंटरलॉक मशीन नेलं तिनं, मला उधारीची वही ठेवली. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. बाया 'हो का' म्हणायच्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर किंचित काही उतरायचं. ते उतरलेलं बघायला मला आवडायचं. तेवढ्यासाठी मी एखाद्या घरी पुन्हा जायची, पैसे आधीच आलेले असले तरी.

वहीतली सगळ्यात मोठी रक्कम बोरगावच्या विमल मॅडमची होती. शाळेत शिकवत. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिचे अकरा ब्लाउज आमच्याकडे आले होते, अस्तराचे, काही जरीचे, एक पैठणीचा. मुलगी सडपातळ, खांदे नाजूक. तिच्या पैठणीचा काठ बाहीवर बरोबर बसावा म्हणून मी कापड कापायच्या आधी दोन दिवस नुसती बघत बसले होते. ब्लाउज पोचवायला शोभा गेली होती. शिलाई बाकी, सहा हजार चारशे.

बोरगावला गेले तेव्हा मॅडमनी दार उघडलं आणि मला आत बोलावलं नाही. घरात कुणाचा आवाज नव्हता. मी वही दाखवली. त्या वहीकडे न बघता म्हणाल्या, 'शोभाताईले देल्ले मी. सगळे देल्ले.' मी विचारलं, कधी? म्हणाल्या, मागंच. आणि दार लावून घेतलं.

मी अंगणात उभी राहिले. संत्र्याच्या झाडाखाली सडलेली दोन फळं पडली होती, त्यांच्यावर माशा बसत होत्या. मला राग यायला हवा होता. आला तो आनंद. खरंच सांगते, पायांत बळ आल्यासारखं झालं. सगळ्या गावाची लाडकी शोभा माझ्या वाट्याचे पैसे खिशात घालून गेली होती. आता मला तिच्यावर चिडायला कारण होतं. आतापर्यंत नव्हतं, आणि बिनकारणाचं चिडणं फार जड जातं.

घरी सांगितलं तेव्हा यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, फोन करून विचार. मी म्हटलं, फोनवर नाही, समोर जाऊन विचारीन. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. 'तुले पैसे पाह्यजे का भांडण पाह्यजे?' मी वही पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने पांढुर्ण्याला गेले.

खिडकीतून दोन्ही बाजूंना बागा दिसत होत्या, फळांनी फांद्या वाकलेल्या, काही ठिकाणी बांबूचे टेकू दिलेले. मधे कापसाची शेतं, शेवटच्या वेचणीचे पांढरे ठिपके. मी काय बोलायचं ते जुळवत होते. तू सगळ्यांची चांगली होतीस, मीच वाईट, हे वाक्य मला फार आवडलं होतं. ते मी दोनदा मनात म्हणून बघितलं.

दुकान शोधावं लागलं नाही. बाजारातून आत वळलं की समोरच होतं. काचेचं दार. मी लगेच आत गेले नाही, समोर पाटीवर शेंगदाणे विकणाऱ्या बाईजवळ जाऊन उभी राहिले. काचेतून सगळं दिसत होतं. शोभाच्या गळ्यात टेप होता, ती कुणाला तरी माप घेता घेता हसत होती. थोडी जाड झाली होती, बरी दिसत होती. आणि मधे पडदा नव्हता. कटिंगचं टेबल खिडकीजवळ, चांगल्या उजेडात होतं, आणि त्याच्यावर एक बाई वाकली होती. आमच्याच वयाची, केस घट्ट बांधलेले, कानामागे खडू खोचलेला. माप घेऊन झाल्यावर शोभा तिच्याजवळ गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवून वाकली, आणि दोघी कापडाकडे बघत काहीतरी बोलल्या. मग ती बाई हसली.

महिनाभर मी दारोदार फिरत होते आणि मला वाटत होतं, लोकांना शोभा आवडते म्हणून मी जळते. शेंगदाण्याच्या पाटीजवळ उभी असताना ते साफ झालं. त्या खांद्यावरचा हात बघून जे झालं ते त्याआधी कधी झालं नव्हतं. किराणावाल्याची बायको, नारळवाली, बोरगावच्या मॅडम, या सगळ्यांना ती मिळाली होती. मला तिने आकडे दिले. आणि या नव्या बाईला महिन्याभरात उजेडातली जागा.

मी आत गेले. शोभाने 'रेखा' म्हटलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मला माझं जुळवलेलं वाक्य आठवेना. तिने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं, त्या बाईची ओळख करून दिली. ललिता. कटिंग चांगलं करते. मी पाणी प्यायले नाही. बोरगावच्या मॅडमचं सांगितलं, वही उघडून रकमेवर बोट ठेवलं.

शोभा काही क्षण माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग उठली, ड्रॉवर उघडला, नोटा मोजल्या. सगळ्या जमल्या नाहीत तेव्हा ललिताला विचारलं, तिने तिच्या पर्समधून सातशे काढून दिले. 'हे घे,' शोभा म्हणाली. मी ते घेतले आणि त्या दोघींच्या समोर मोजले. एकदा मोजून पुरेसं होतं. मी दोनदा मोजले. ललिता माझ्याकडे बघत होती आणि मला तिने बघावं असंच वाटत होतं.

निघताना शोभाने एकच विचारलं. 'मॅडम बऱ्या हायेत का?' मला तो प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, बऱ्या असायला काय झालं त्यांना. जेवून जा म्हणाली, थांबले नाही.

पंधरा दिवसांनी बोरगावची, विमल मॅडमच्या शेजारची एक बाई ब्लाउज शिवायला आली. माप आता मलाच घ्यावं लागत होतं. ती हात वर करून उभी राहिली आणि सहज बोलून गेली. विमल मॅडमच्या मुलीचं लग्न मोडलं होतं. पत्रिका वाटून झाल्यावर मुलाकडच्यांनी नाही म्हणून कळवलं. मॅडम दोन महिने कुणाकडे जात नाहीत, येत नाहीत. शोभाताई ब्लाउज घेऊन गेली ती नेमकी त्याच दिवशी पोचली होती. दिवसभर त्यांच्या घरी बसून राहिली. शिलाईचं नाव काढायचं नाही म्हणाली, कुणी विचारलं तर मला दिले म्हणून सांगा.

मला आठवलं, त्या दिवशी शोभा दुकानात आलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा मी तिच्यावर चिडले होते. तिने डोकं दुखत होतं म्हणून सांगितलं होतं. मॅडमनी कुणाला सांगू नको म्हटलं असणार, आणि तिने ते पाळलं होतं, माझ्याशीसुद्धा. पांढुर्ण्याला मी वहीवर बोट ठेवून बसले होते तेव्हाही ती एक शब्द बोलली नाही.

त्या बाईचं माप माझ्याकडून चुकलं. दोनदा घ्यावं लागलं. लाज वाटायला हवी होती, ती वाटली, पण जरा उशिरा. आधी जे वाटलं ते हेच, की मला का नाही सांगितलं. मला सांगितलं असतं तर मी काय बोरगावला जाऊन पैसे मागितले असते? याचं उत्तर शोभाला माहीत होतं, बहुतेक. म्हणून नसेल सांगितलं.

ते पैसे मी परत केले नाहीत. त्यात आणखी घालून इंटरलॉक मशीन आणलं. दुकान चाललं. त्या मशीनला एक बारीक शिट्टीसारखा आवाज आहे, वेग वाढला की येतो. तेल घालून झालं, कारागीर बोलावून झाला, गेला नाही. रोज मी तो ऐकते.

पुढच्या संत्र्याला, म्हणजे मागच्या वर्षी, विमल मॅडम स्वतः दुकानात आल्या. सोबत मुलगी होती. तिला छिंदवाड्याला नोकरी लागली होती, अंगाने थोडी भरली होती. पिशवीतून त्यांनी ते ब्लाउज काढले. ठेवून काय करायचे, घालते मी आता, असं मुलगी म्हणाली, जरा सैल करून द्या. मॅडमनी पाकीट काऊंटरवर ठेवलं. मागच्या वर्षी मी तुमच्याशी खोटं बोलले, म्हणाल्या. मी म्हटलं, हिशेब मिटला आहे, शोभाने दिले. त्यांनी ऐकलं नाही. तिचं तिला द्या, माझं ओझं उतरू द्या. पैठणीच्या ब्लाउजला मी आत भरपूर मार्जिन ठेवलं होतं, दोन्ही बाजूंनी शिलाई उसवली आणि तो तिला तिथल्या तिथे झाला. मुलीने आरशात पाठ बघितली. 'कटिंग कोणाचं आहे?' तिने विचारलं. माझं, मी म्हटलं. नऊ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि त्या वेळी तो ऐकून मला जितका आनंद व्हायला हवा होता तितका झाला नाही.

मी पुन्हा पांढुर्ण्याला गेले. दुकानात गर्दी होती, लग्नसराई लागली होती. मी पाकीट शोभासमोर ठेवलं आणि मॅडम आल्याचं सांगितलं. तिने मुलीबद्दल खूप विचारलं. पाकीट न उघडता ड्रॉवरमध्ये टाकलं, आणि ड्रॉवरमधल्या सुट्या नोटांतून सातशे काढून ललिताला दिले. मी वाट बघत होते. तिने मला काहीतरी म्हणावं, चिडावं, दोन शब्द लागतील असे बोलावे, म्हणजे मला माफी मागता आली असती. ती माझ्या खांद्याकडे बघत होती.

'हा कसा ब्लाउज घालून राहिली वं तू,' ती म्हणाली. 'खांद्यात उतरला हाय पुरा.'

खरंच उतरला होता. गावाचे ब्लाउज कापणारी मी, स्वतःचा जुन्या ब्लाउजवरून अंदाजाने कापायची. तिने मला उठवलं, आरशासमोर उभं केलं आणि गळ्यातला टेप काढला. नऊ वर्षांत तिने माझं माप कधी घेतलं नव्हतं. हात वर कर म्हणाली. मी केले. टेप थंड होता. तिचे केस माझ्या हनुवटीजवळ आले, त्यांना खोबरेल तेलाचा वास होता, तोच जुना. ती आकडे बोलत होती आणि टेबलाजवळून ललिता ते लिहून घेत होती. आणि मग माझ्याही तोंडून निघालं. मी ते ठरवलं नव्हतं.

'तू एकदाच म्हटलं मले, चाल म्हणून.'

टेप कमरेजवळ थांबला. 'मंग? दोनदा म्हणायचं होतं का?'

'हो.'

शोभाने टेप पुन्हा कमरेभोवती फिरवला. नंतर तिने हळूच सांगितलं की त्या दिवशी मी इतक्या पटकन नाही म्हटलं, तिला वाटलं मी तिला कंटाळले. टेम्पो वळणापर्यंत गेला तेव्हा तिने मागे वळून बघितलं होतं, मी दारात नव्हते. मी दारात नव्हते हे खरं आहे. आत बसून वहीची बेरीज करत होते. 'कंबर एकतीस,' ती ललिताला म्हणाली. ललिताने एकतीस लिहिलं आणि पेन ठेवताना माझ्याकडे बघितलं.

मी तिथे जेवले. निघताना ललिता माझ्यासाठी काढलेलं कापड टेबलावर पसरत होती आणि मला राहवलं नाही, बाहीला कापड आडवं धर म्हणून सांगितलं. तिने ऐकलं नाही. आठ दिवसांनी ओळखीच्या एका माणसाबरोबर ब्लाउज आला. बाही उभ्या धाग्यात कापली होती आणि चांगली बसली होती. पाठीवर एक सुरकुती नव्हती. सोबत चिठ्ठी होती, शिलाई तीनशे. अक्षर ललिताचं.

ती शिलाई मी अजून दिलेली नाही. मोबाईलवरून पाठवायला एक मिनिट लागेल. या वर्षी संत्री निघायला लागल्यापासून ललिताचा तीनदा फोन आला, त्यांची वर्षाची वसुली चालू आहे. पहिल्यांदा मी विसरले म्हटलं. दुसऱ्यांदा बघते म्हटलं. काल दुपारी तिसऱ्यांदा आला तेव्हा मी तिला सांगितलं की पैसे तयार आहेत, पण मी ते शोभाच्या हातात देईन. तिला म्हणावं, सौंसरला ये, घेऊन जा.

'मीच येते न ताई,' ललिता म्हणाली. 'तीनशे रुपयांसाठी त्यायले कायले एवढं?'

मी म्हटलं, तू नको. तिला पाठव.

पलीकडे मशीनचा आवाज येत होता, लांबून शोभा कुणाशी तरी बोलत होती. मग ललिता म्हणाली की लग्नाचे दिवस आहेत, त्या एक दिवस नसल्या तर गिऱ्हाईक परत जातं, आणि तशाही त्या हल्ली सारख्या सौंसरच्या गोष्टी काढत राहतात. साध्या आवाजात बोलली. कुणालाही तो साधाच वाटला असता. मी मात्र कान देऊन ऐकलं, कारण त्या आवाजात नेमकं काय होतं ते मला जितकं ठाऊक आहे तितकं पांढुर्णा-सौंसरमध्ये दुसऱ्या कुणाला नसेल. मला तिची दया आली. आणि बरंही वाटलं, लपवत नाही.

'एकाच दिवसाची गोष्ट हाय, ललिता,' मी म्हटलं. 'संध्याकाळच्या बसनं वापस लावून देते तिले.'